शिमानो डिओर एक्सटी ७३० : जुन्या माउंटन बाइकचे खरे वय सांगणारा संच

नाव खरवडून गेलेली आणि वरून ब्रशने काळा रंग फासलेली एक पोलादी माउंटन बाइक काही महिन्यांपूर्वी माझ्याकडे आली. विकणाऱ्याने ती १९८४ सालची असल्याचे ठामपणे सांगितले होते. मात्र मागच्या डिरेलरकडे, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाकडे, पाहताच ते वर्ष बाद झाले, कारण जपानच्या शिमानो कंपनीच्या त्या काळातल्या डिओर एक्सटी भागांवर, म्हणजे ७०० मालिकेवर, हरणाचे डोके कोरलेले असे आणि येथे स्वच्छ अक्षरांत ७३० ही पुढची मालिका होती. हा अभिप्राय त्या ७३० संचाविषयी, म्हणजे गिअर, ब्रेक, क्रँक अशा एकमेकांशी जुळणाऱ्या भागांच्या संचाविषयी आहे. सांगाड्याची ओळख पटवण्याचे आणि सायकल पुन्हा रस्त्यावर आणण्याचे, अशी दोन्ही कामे शेवटी याच संचाने पार पाडली.

शिमानोच्या त्या काळातल्या भागांवर, बहुधा आतल्या किंवा मागच्या बाजूला, दोन रोमन अक्षरे ठोकलेली सापडतात. पहिले अक्षर वर्षाचे असून १९७६ साठी ‘ए’ धरून पुढे मोजायचे असते. दुसरे अक्षर महिन्याचे, म्हणजे जानेवारीसाठी ‘ए’ आणि डिसेंबरसाठी ‘एल’. माझ्या मागच्या डिरेलरवर ‘एल एच’, म्हणजे ऑगस्ट १९८७, आणि क्रँकच्या, म्हणजे पेडलच्या दांड्याच्या, आतल्या बाजूला ‘एल जी’, म्हणजे जुलै १९८७, असे निघाले. पुढच्या ब्रेकवर मात्र ‘पी सी’ होते. तो मार्च १९९१ चा, अर्थात कोणीतरी नंतर बसवलेला. एका भागावरून सायकलचे वय ठरवू नये ते याचसाठी. अनेक भागांच्या तारखा एक-दोन महिन्यांच्या अंतरात जुळल्या तरच ते भाग मूळचे मानावेत, आणि वर्षाच्या उत्तरार्धात बनलेले भाग पुष्कळदा पुढच्या वर्षाच्या मॉडेलवर चढतात हेही लक्षात ठेवावे. मागचा ब्रेक चेनस्टेच्या, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या सांगाड्याच्या खालच्या नळ्यांच्या, खाली बसवलेला यू-ब्रेक आहे आणि ही पद्धत १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात, थोडीच वर्षे, जोरात होती. त्यामुळे मी ही सायकल १९८८ च्या मॉडेलची धरतो.

संचाचा सर्वांत चांगला भाग कोणता, असे विचारले तर मी हँडलवरच्या अंगठ्याच्या शिफ्टरांकडे बोट दाखवीन. उजवा शिफ्टर प्रत्येक गिअरला टक् असा स्पष्ट आवाज करून थांबतो, आणि त्यावरची छोटी कडी फिरवली की तो टप्पे सोडून केवळ घर्षणावर चालू लागतो. मागची चक्रे बदलली, डिरेलर ज्याला टांगलेला असतो तो सांगाड्याचा कान थोडा वाकला किंवा केबल ताणली गेली, तरी सायकल अडत नाही. नंतरच्या काळातील दोन कळांच्या शिफ्टरांमध्ये आतले ग्रीस गोंदासारखे घट्ट झाले की ते मुके होतात आणि पातळ तेलाने धुऊन पुन्हा वंगण घातल्यावरच बोलू लागतात. येथे मात्र मी फक्त धूळ पुसली.

मागच्या हबने, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाने, थोडी परीक्षा पाहिली. या काळातील युनिग्लाइड पद्धतीत सर्वांत लहान चक्र आट्यांवर बसते आणि तेच बाकीच्यांना धरून ठेवते, त्यामुळे हायपरग्लाइड या नंतरच्या पद्धतीची लॉकरिंग (चक्रे धरून ठेवणारी कडी) उघडण्याचे साधन येथे निरुपयोगी ठरते. चेन लावलेले दोन दांडे घेऊन, एकाने मोठे चक्र धरून दुसऱ्याने लहान चक्र सोडवावे लागते. त्याची भरपाईही आहे: दात एका बाजूने झिजले की ही मोठी चक्रे उलटी करून बसवता येतात. आत प्रत्येक बाजूला पाव इंची नऊ छर्रे असतात. ते स्वस्तात नवे घालावेत, छर्रे ज्यांवर फिरतात त्या अ‍ॅक्सलवरच्या शंकूंवर, म्हणजे कोनवर, खड्डे पडले असतील तर कोनही बदलावेत. परंतु हबमधलीच कटोरी खडबडीत झाली असेल तर त्या हबवर कष्ट वाया घालवू नयेत. शेवटी कोन आवळताना किंचित ढिलाई मुद्दाम ठेवावी, कारण क्विक रिलीज (चाक झटपट काढण्याची कळ) कसला की अ‍ॅक्सल दाबला जातो आणि ती ढिलाई आपोआप नाहीशी होते. माझी पहिली जुळणी नेमकी याच कारणाने घट्ट झाली होती.

यू-ब्रेकचे कौतुक मला करता येत नाही. तो चिखलाच्या वाटेत बसतो, उघडायला अडचणीचा आहे, आणि त्याच्या खुंट्या रिमच्या वरच्या अंगाला असल्याने तेथे कॅन्टिलिव्हर किंवा व्ही-ब्रेक अशा दुसऱ्या प्रकारचा ब्रेक चढत नाही. म्हणजे सांगाडा ठेवायचा तर हा ब्रेकही ठेवावाच लागतो. क्रँकवरच्या लंबगोल बायोपेस चक्रांविषयी मतभेद आहेत. मला सपाट रस्त्यावर त्यांचा त्रास होत नाही, पण वेगाने पेडल फिरवताना पायाला लय सापडत नाही.

क्रँक काढताना एक सावधगिरी आवश्यक आहे. ओढण्याचे साधन अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत पूर्ण खोलवर बसल्याशिवाय जोर लावू नये, कारण ते आटे एकदा फाटले की क्रँक सहज निघत नाही. बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे क्रँकचा आस ज्यात फिरतो त्या भागाची, उजवी कटोरी इंग्लिश मापात घड्याळाच्या दिशेने फिरवून सुटते, हे विसरून तासभर उलटा जोर लावणारे बरेच असतात. मी त्यांतलाच एक.

हा संच अंगावर असलेली जुनी सायकल मिळाली, तर सांगाडा सरळ आहे आणि डाउन ट्यूबला (पुढून पेडलकडे उतरणाऱ्या नळीला) हेड ट्यूबजवळ (हँडलखालच्या आखूड नळीजवळ) रंगाखाली सुरकुती नाही, एवढे पाहून ती घ्यावी. संच वेगळा विकत घेऊन नव्या सांगाड्यावर चढवण्याचा विचार असेल, तर शिफ्टर आणि मागचा डिरेलर घ्यावेत, यू-ब्रेक ज्याचा त्याला ठेवू द्यावा.