टाइपरायटर झाकला तो शुक्रवार

नेटफ्लिक्सवरची 'इंडियन प्रिडेटर : मर्डर इन अ कोर्टरूम' ही मालिका 2022 च्या ऑक्टोबरात आली. मला ती पाहायचा धीर व्हायला दोन वर्षं लागली. नागपुरात सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयाच्या आवारात टिनाच्या शेडखाली मी अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप करून देते. 13 ऑगस्ट 2004 च्या शुक्रवारीही तिथंच बसले होते. दुपारी आतून एकदम कल्ला उठला, माणसं बाहेर धावत सुटली. शेजारचे म्हातारे अर्जनवीस म्हणाले, "बाई, झाक ते मशीन अन् घरी निघ." वस्तीला वर्षानुवर्षं छळणाऱ्या अक्कू यादव या गुंडाला कस्तुरबानगर वस्तीतल्या बायकांनी सात नंबरच्या कोर्टात ठार मारलं, हे घरी गेल्यावर कळलं. मालिका त्याच घटनेवर आहे.

दिग्दर्शक उमेश कुलकर्णी आपले मराठीतले. त्यांनी बायकांना बोलू दिलं, ही मालिकेची सगळ्यात मोठी जमेची बाजू. त्या आपापल्या तोंडानं सांगतात की रात्री दाराला कडी लावूनही झोप लागत नसे, तक्रार करायला जायचीही भीती वाटायची. माझी आत्या त्याच भागात, जरीपटक्याकडे राहायची. दिवेलागणीनंतर ती आम्हा पोरींना दुकानातसुद्धा पाठवत नसे. काहून, ते तेव्हा कोणी सांगितलं नाही. मालिका पाहताना मला तिची ती घाई आठवली, आणि मी दोनदा टीव्ही बंद केला.

नाट्यरूपांतराचे प्रसंग मात्र मला नको होते. अंधारी गल्ली, चाकू, वाजणारं संगीत. समोर खरी बाई बसून सांगत असताना नट कशाला लागतो? तिचं बोलणं ऐकून अंगावर काटा येतो, आणि लगेच त्या संगीतानं तो उतरतो. अक्कूचा चेहरा इतक्यांदा दाखवतात, तेवढा वेळ ज्यांची माणसं गेली त्यांच्या घरात कॅमेरा थांबायला हवा होता.

माझी खरी तक्रार पुढच्या वर्षांबद्दल आहे. त्या दिवशी जे झालं त्याचा खटला 2014 पर्यंत चालला आणि पुराव्याअभावी आरोपी सुटले. मधली दहा वर्षं मी शेडमधून पाहिली. तारखेला बायका सकाळी दहाला येऊन पायऱ्यांवर बसायच्या. धुणीभांडी करणाऱ्यांची त्या दिवसाची रोजी बुडायची. डब्यात भाकर-चटणी, मांडीवर लेकरू. पुकारा व्हायचा, पुढची तारीख पडायची, आणि त्या पुन्हा बसस्टॉपकडे निघायच्या. एकदा एका बाईनं मला विचारलं, "मॅडम, अजून किती तारखा?" मी काय सांगणार होते? पोरगी सासरी नांदायला जाताना कस्तुरबानगर हा पत्ता सांगायचा की नाही, यावरही त्यांच्यात बोलणं चालायचं. हे सगळं मालिकेत तपशिलानं दाखवलं असतं तर मी तिला पूर्ण गुण दिले असते.

तरीही पाहा. नागपूरकरांनी तर पाहाच. आपल्याच शहरातल्या वस्तीला स्वतःचं रक्षण स्वतः करायची वेळ का आली, हे त्या बायकांच्या तोंडून ऐकायला हवं. वयात आलेल्या मुलीसोबत पाहायची असेल तर आधी तुम्ही पाहून घ्या. अत्याचाराचं वर्णन फार उघड आहे. मी माझ्या मुलीसोबत रविवारी दुपारी, खिडक्या उघड्या ठेवून पाहिली. संपल्यावर ती म्हणाली, "आई, त्या पायऱ्या मला दाखवशील?" सोमवारी तिला डबा घेऊन सोबत नेलं.