भाड्याने दिलेला फ्लॅट: वर्ष होत आलं, आता सविस्तर अनुभव

वॉश बेसिनखालचा एक कनेक्शन पाइप फुटला आणि एका रात्रीत जवळजवळ तीन महिन्यांचं भाडं गेलं, म्हणून लिहायला बसलोय. लोकेशन, कार्पेट एरिया, कर्ज कसं घ्यायचं यावर लिहिणारे भरपूर आहेत आणि तुम्ही ते वाचलेलंच असणार, त्यामुळे ते सगळं सोडून देतो. भाड्यासाठी घर घेणाऱ्याला मी आज एकच गोष्ट पोटतिडकीने सांगेन, घरात पाणी कुठून येतं, कुठे जातं आणि ते बंद कुठून होतं हे बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

झालं असं की रात्री भाडेकरू ताईंचा फोन आला, "दादा, पाणी थांबतच नाहीये, बंद कुठून करायचं?" बेसिनखालचा अँगल कॉक, म्हणजे त्या पाइपाचं पाणी बंद करणारा छोटा नळ, जाम. मेन वाल्व्ह किचनच्या कपाटामागे, कपाट सरकवून त्यांनी तो फिरवला तर तो नुसताच गोल फिरतोय, आत काहीच बंद होत नाही. जुना गेट वाल्व्ह होता, असे वाल्व्ह वर्षानुवर्षं कोणी हात लावला नाही की आतून गंजतात आणि नेमके गरजेच्या वेळी कामाला येत नाहीत. शेवटी वरच्या टाकीवरून पूर्ण लाइन बंद करावी लागली. मिनिटाला १० लिटर धरले तरी तासाला ६०० लिटर पाणी होतं हो, आणि ते आपल्या फरशीवर थांबत नाही, खालच्या घराच्या सिलिंगमध्ये उतरतं. पाइप अगदी स्वस्तातली वस्तू. खर्च आला तो खालच्यांचं सिलिंग, आपल्या कपाटाचं फुगलेलं प्लायवूड, पेंटिंग आणि प्लंबरचा रात्रीचा रेट याचा.

तो फुटलेला कनेक्शन पाइप जाळीवाला, बाहेरून स्टीलचा दिसतो म्हणून लोकांना वाटतं आयुष्यभर टिकेल. आत रबर किंवा प्लास्टिकची नळी असते, बाहेरची जाळी फक्त दाब सांभाळते. बेसिनखाली क्लोरीनवालं क्लीनर किंवा ॲसिड ठेवलं की त्याच्या वाफेने जाळीचे बारीक धागे एकेक करून तुटायला लागतात आणि एक दिवस आतली नळी फुग्यासारखी बाहेर येते. साधारण ५ ते १० वर्षांत हे पाइप बदलावेत असं सांगतात, मी तर म्हणेन घर ताब्यात आलं की पहिल्याच आठवड्यात सगळे बदला, बेसिन, सिंक, फ्लश टँक, गीझर, सगळे. नट पान्याने जोर लावून आवळू नका, जास्त आवळला की त्याला तडा जातो आणि तो तडा काही महिन्यांनी बोलतो. मेन वाल्व्ह पाव फेऱ्यात बंद होणारा बॉल वाल्व्ह लावून घ्या, हात सहज पोचेल अशा जागी, आणि भाडेकरूला चावी देताना तो स्वतःच्या हाताने बंद करून उघडायला लावा. ते पाच मिनिटांचं काम आहे. अ‍ॅग्रीमेंटच्या सगळ्या पानांपेक्षा मला आता ते महत्त्वाचं वाटतं.

घर बघायला जाल तेव्हा हॉलची बाल्कनी नंतर बघा. आधी बाथरूमच्या भिंतीची मागची बाजू बघा, बेडरूमचं कपाट तिथेच असतं, ते उघडून आत हात फिरवा, पोपडे, पांढरा खार, कुबट वास यातलं काहीही असेल तर भिंतीत पाणी मुरतंय. फक्त त्याच भिंतीला नवीन रंग दिसला तर मालकाला सरळ विचारा का दिला. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता, ते नहाणीच्या जाळीकडे जातंय की कोपऱ्यात साचतंय बघा. सगळे नळ बंद करून पाण्याचं मीटर बघा, काटा हलत असेल तर कुठेतरी गळती आहेच. फ्लश टँकमध्ये थोडा खायचा रंग टाका, अर्धा तास फ्लश करू नका, भांड्यात रंग उतरला म्हणजे वॉशर गळतोय. आणि खालच्या घरी जाऊन त्यांच्या बाथरूमचं सिलिंग बघायची परवानगी मागा, लोक दाखवतात, उलट तक्रार असेल तर आनंदाने दाखवतात. बाथरूम नव्याने करणार असाल तर वॉटरप्रूफिंग झाल्यावर टाइल्स बसवायच्या आधी ट्रॅप (नहाणीच्या जाळीखालचं पाणी जायचं तोंड) बंद करून किमान २४ तास पाणी भरून ठेवायचं आणि खाली ओल येते का बघायचं. कंत्राटदार घाई करेल, करू दे.

आता एजन्सीबद्दल. घर सांभाळायला दरमहा फी घेणारी एक एजन्सी लावली होती, करारात २४ तास इमर्जन्सी असं लिहिलंय, आणि त्या रात्री सकाळपर्यंत फोन कोणी उचलला नाही. नंतर बिल आलं त्यात इमर्जन्सी व्हिजिट चार्ज! प्लंबर आम्हीच शोधलेला. आणि पुढच्या दुरुस्तीच्या प्रत्येक बिलावर त्यांची टक्केवारी वेगळी. मी प्लंबर आणि पेंटरची मूळ बिलं मागितली, त्यांनी टाळाटाळ केली, मी लेखी मागितली, परत मागितली, शेवटी बिलं मिळाली आणि तो चार्ज काढला. मनस्ताप झाला तो झालाच. एजन्सी लावणार असाल तर सही करायच्या आधी हे विचारा: दुरुस्तीच्या बिलावर तुम्ही किती टक्के घेता, मला न विचारता किती रकमेपर्यंत खर्च करू शकता, घर रिकामं असताना पण फी चालू राहते का, आणि मला सोडायचं असेल तर किती दिवसांची नोटीस.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि मधे काही आठवडे गेले, तेवढ्यात दोन गोष्टींवरचं माझं मत बदललं.

पहिली, विमा. मला तो फुकटचा खर्च वाटायचा. पण क्लेम बराचसा पास झाला, कारण पाइप अचानक फुटला होता आणि ताईंनी त्याच रात्री फोटो काढून ठेवले होते. बऱ्याच पॉलिसी अचानक फुटलेल्या पाइपचं नुकसान देतात पण हळूहळू झिरपणाऱ्या पाण्याचं देत नाहीत, म्हणजे ओल दिसूनही वर्षभर दुर्लक्ष केलं तर सगळं आपल्याच अंगावर. शेजाऱ्याच्या घराचं नुकसान त्यात येतं का हे वेगळं विचारून घ्या, तो बहुतेक वेळा वेगळा कव्हर असतो.

दुसरी, भाडेवाढ. मी यावेळी ५ टक्के वाढवायचं ठरवलं होतं, मार्केट रेट तेवढा आहेच. मग कागदावर मांडून बघितलं. वाढीमुळे हे कुटुंब सोडून गेलं आणि घर एक महिना रिकामं राहिलं, तर वर्षाच्या भाड्यातले ८.३३ टक्के गेले. तो एक महिना ५ टक्क्यांच्या वाढीतून भरून यायला २० महिने लागतात, त्यात ब्रोकर आणि रंगकाम धरलेलंच नाही. आणि ज्या बाईंनी मध्यरात्री आधी त्या बाजूचं लाइटचं मेन बंद केलं, मग खालच्या आजींना उठवलं आणि पहाटेपर्यंत पाणी उपसलं, त्यांना घालवून मी काय मिळवणार? भाडं तेच ठेवलंय. वेळेवर पैसे देणारा, घर स्वतःचं समजून वापरणारा आणि छोटी गळती दिसली की लगेच कळवणारा भाडेकरू टिकवणं हीच कमाई आहे असं आता माझं ठाम मत आहे. म्हणून छोट्या दुरुस्तीला कधी नाही म्हणू नका, वॉशरच्या पैशावरून वाद घातला की पुढच्या वेळी ते कळवणारच नाहीत.

रिटर्न किती, हे सगळेच विचारतात. समजा घराची किंमत १००, नोंदणी, कर, ब्रोकर, किरकोळ कामं मिळून वर ८, म्हणजे गुंतले १०८. वर्षाचं भाडं ५. एक महिना रिकामा धरला तर हातात ४.५८. बिल्डिंगचा मेंटेनन्स आणि प्रॉपर्टी टॅक्स ०.६, दुरुस्ती ०.५, विमा ०.१, एजन्सीचे ८ टक्के म्हणजे ०.३७. उरले साधारण ३. १०८ वर ३ म्हणजे २.८ टक्के, आणि जाहिरातीत हेच घर ५ टक्के म्हणून विकलं जातं. इन्कम टॅक्स आणि कर्जाचं व्याज अजून बाकीच आहे. कर्ज ८ टक्क्यांनी २० वर्षांचं असेल तर पहिल्या हप्त्यातला जवळजवळ ८० टक्के भाग व्याजात जातो आणि निम्मं मुद्दल फिटायला साडेतेरा वर्षं लागतात. त्यामुळे "भाड्यातून हप्ता निघेल" असं कोणी म्हणालं की आधी हे आकडे त्याच्यासमोर मांडा. किंमत वाढेल ही आशा ठेवा, पण हिशोबात धरू नका, कारण प्लंबरला आशेतून पैसे देता येत नाहीत.

दुरुस्तीचे ०.५ काढताना माझाच हात आखडायचा, आता नाही. भाडं आलं की त्यातला ठरलेला भाग वेगळ्या खात्यात जातो, त्याला हात लावायचा नाही. क्लेमचे पैसे पण तिथेच टाकलेत. दुसरं घर घ्यावं असं घरात बोलणं चालू आहे, एक बघूनही ठेवलंय, तिथला मेन वाल्व्ह दाराजवळ आहे आणि नीट बंद होतो, पण बेडरूमच्या कपाटात मागच्या भिंतीला ओलसर हात लागला. मालक म्हणतात पावसाची आहे. मी त्यांना पाण्याची लाइन एक दिवस बंद ठेवून, पाऊस नसताना, परत दाखवायला सांगितलंय, आणि राखीव खातं परत सहा महिन्यांच्या भाड्याएवढं भरेपर्यंत टोकन द्यायचं नाही हे घरात ठरलंय.