गिरगावातील जुन्या वर्तमानपत्रांचे दुकान : कात्रणे नव्हे, पूर्ण अंक

गिरगावातील या दुकानाचे मोठेपण असे की, येथे पूर्ण अंक मिळतात, कात्रणे नव्हे. टॅब्लॉइड, म्हणजे लहान आकाराच्या आणि चटकदार मथळ्यांच्या वृत्तपत्रांच्या, पत्रकारितेचा अभ्यास करणाऱ्यांसाठी हा फरक महत्त्वाचा आहे. मथळ्याचा ठसठशीत टाइप, पहिल्या पानावरील छायाचित्राला दिलेली जागा आणि गंभीर बातमीला खेटून छापलेली जाहिरात या साऱ्यांतून वाचकाचे मत घडत असे, आणि कात्रणात नेमके हेच हाती लागत नाही.

संग्रहाचा गाभा म्हणजे रुसी करंजिया यांनी १९४१ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या ‘ब्लिट्झ’ या इंग्रजी साप्ताहिकाचे अंक. त्यांतील नानावटी खटल्याच्या काळातला गठ्ठा अवश्य पाहावा. एप्रिल १९५९ मध्ये नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी आपल्या पत्नीशी प्रेमसंबंध असलेल्या प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि करंजियांनी उघडपणे आरोपीची बाजू घेतली. एरवी २५ पैशांना मिळणारा अंक त्या दिवसांत २ रुपयांपर्यंत विकला गेला. ज्युरीने, म्हणजे कौल देण्यासाठी नेमलेल्या नागरिकांच्या मंडळाने, ८ विरुद्ध १ मताने नानावटींना निर्दोष ठरवले. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र तो कौल न मानता त्यांना जन्मठेप दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ती कायम केली आणि पुढे राज्यपालांनी त्यांना माफी दिली. हे अंक ओळीने वाचत गेल्यावर माझे मत असे झाले की, येथे पत्राने खटल्याची बातमी देण्यापेक्षा त्याचा निकाल आधीच लावून टाकला होता. मृत माणसाची बाजू शोधत पाने उलटावी लागतात, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

तरीही या पत्रकारितेला सरसकट सवंग म्हणणे अन्यायाचे ठरेल. निखिल वागळे यांच्या ‘महानगर’ या मराठी सायंदैनिकाने सत्तेला अडचणीचे प्रश्न विचारले आणि त्यासाठी शिवसैनिकांचे हल्ले सोसले. गुन्हेगारी जगताच्या बातम्या देणारे ‘मिड-डे’चे ज्योतिर्मय डे यांची जून २०११ मध्ये पवईत भर दिवसा हत्या झाली. चटकदार मथळ्यांच्या याच पानांसाठी माणसांनी जीव धोक्यात घातला आहे.

मराठी सायंदैनिकांचा विभाग मात्र तोकडा आहे. घरी परतताना लोकलमध्ये वाचायचे आणि उतरताना बाकावरच सोडून द्यायचे, असे त्यांचे आयुष्य असल्याने ती रद्दीतसुद्धा फारशी पोहोचत नसत, असे मालक सांगतात, आणि ते पटते. त्यामुळे जे थोडे अंक येथे आहेत, त्यांचे मोल इंग्रजी अंकांपेक्षा अधिक मानले पाहिजे. किमती मात्र उलट लावलेल्या आहेत.

गंभीर दोष एकच, तो जतनाचा. मागणी असलेल्या अंकांची पहिली पाने लॅमिनेट केली जातात. प्लॅस्टिक एकदा चिकटले की कागदाला धक्का न लावता ते काढता येत नाही, शिवाय पहिले पान सुटे झाल्याने अंकही मोडतो. विषयवार सूचीही नाही. तारीख माहीत नसेल तर गठ्ठे उपसावे लागतात. मालक न कंटाळता सोबत शोधतात आणि खरेदीचा आग्रह धरत नाहीत, म्हणून विद्यार्थ्यांनी निःसंकोच जावे. जाताना खटल्यांच्या व निवडणुकांच्या तारखा लिहून न्याव्यात आणि घ्यायचा अंक लॅमिनेट न केलेलाच मागावा.