ज्यूकबॉक्समधला फोम बदलून दहा महिने झाले

फोम बसवला गेल्या शिगम्याच्या, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या सणाच्या, आधी, लिहितोय जानेवारीत. आख्खा पावसाळा जाऊ दिला, कारण गोव्यात फोमचं कौतुक एप्रिलमध्ये करण्यात काही अर्थ नाही.

ज्यूकबॉक्स, म्हणजे नाणं टाकून गाणी वाजवणारं यंत्र, सत्तरच्या दशकातला, अमेरिकी बनावटीचा, म्हापशातल्या एका बंद पडलेल्या बारमधून आणलेला. फोंड्याला घरी आणून उघडला तर दाराच्या कडेची पट्टी, जाळीमागचा थर, यंत्राखालची उशी, सगळ्याचा चिखल झालेला. बोट लावलं की काकवीसारखी काळी तार निघायची. वूफरच्या, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, कडेच्या फोमचा मात्र कोरडा भुगा होऊन तळाशी पडला होता.

खरा वेळ साफसफाईने खाल्ला. आइस्क्रीमच्या काड्यांनी खरवडायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसायचं. हुर्राकाचे, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचे, दिवस होते, शेजारचे काका म्हणाले, "तेच लाव की." त्यात पाणीच जास्त, म्हणून ती बाटली वेगळ्या कामी लागली. एक चूक सांगतो: दाराच्या ॲक्रिलिकच्या कोपऱ्याला अल्कोहोल लागलं आणि तिथे बारीक तडे उमटले. ते आता कायमचे. तिथे साबणाचं कोमट पाणीच वापरा, आणि काचेच्या मागच्या छापील रंगाला तर हातच लावू नका.

फोम निवडताना मऊपणा बघू नका, जात विचारा. पॉलियुरेथेन, म्हणजे ज्याचा हा फोम बनतो ते प्लास्टिक, दोन प्रकारचं. पॉलिएस्टरचं हवेतल्या ओलाव्याने आतून तुटत जातं, चिकट होतं. पॉलिइथरचं ओलाव्याला बरंच दाद देत नाही, पण उन्हाने पिवळं पडून भुरभुरतं. बारीक छिद्रांचा, देखणा काळा पॅकिंगचा फोम बहुधा पॉलिएस्टर निघतो. माझ्या कॅमेऱ्याच्या पेटीत तोच होता, सहा पावसाळ्यांत लेन्सला चिकटला. म्हणून यावेळी गादीवाल्याकडचा साधा पिवळट पॉलिइथर घेतला. दिसायला भिकार, पण जाळीमागे कोण बघतंय?

दहा महिन्यांनंतर जाळीमागचा आणि उशीचा फोम ठणठणीत आहे, बोटाला काही लागत नाही. जुलैत भिंतीला बुरशी आली, याला नाही. दाराची पट्टी मात्र फसली. सतत दाबाखाली राहून दहा मिलिमीटरची सहावर बसली आणि मोठ्या आवाजात दार थरथरायला लागलं. दिवाळीनंतर तिथे ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची बंद छिद्रांची पट्टी लावली. पहिल्याच दिवशी तीच लावायला हवी होती.

बारा इंची वूफरला फोमच्याच नव्या कडा लावल्या. दुकानदार रबराच्या कडांसाठी मागे लागला होता, पण त्या जड, आणि हे कोन, म्हणजे स्पीकरचे हलणारे पडदे, हलक्या फोमसाठी बनवलेले. चिकटवताना कोनामागची तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, मधोमध राहायला हवी, त्यासाठी हळू आवाजात तीस हर्ट्झचा सूर लावून ठेवला. तरी डावा पहिल्यांदा खरखरला, उखडून परत लावावा लागला. आता दोन्ही ठीक.

काळ्या आणि पिवळ्या फोमचा एकेक तुकडा ज्यूकबॉक्सच्या मागे ठेवला होता. खरं सांगायचं तर काळाही अजून धडच आहे. दहा महिने त्याला पुरले नाहीत. दोघांवर तारीख लिहून परत तिथेच ठेवलेत.