आयएसडीएन राउटर घ्यावा की पीसीतलं कार्ड पुरे?

आधीच सांगतो, ऑफिसपर्यंत ब्रॉडबँड किंवा फायबर येत असेल तर आयएसडीएनच्या, म्हणजे टेलिफोनच्या तारेवर कॉल लावून इंटरनेट देणाऱ्या जुन्या डिजिटल लाइनच्या, वाटेला जाऊच नका. पण पाच-सात पीसी आहेत आणि लाइन मिळते ती आयएसडीएनचीच, अशा ठिकाणी निर्णय घ्यावाच लागतो. एका पीसीत आयएसडीएन कार्ड बसवून तिथून सगळ्यांना इंटरनेट द्यायचं, की वेगळा राउटर आणायचा?

वेग वाढेल म्हणून राउटर घेत असाल तर घेऊ नका. बेसिक रेट, म्हणजे आयएसडीएनच्या साध्या छोट्या जोडणीत डेटा आणि फोनसाठी ६४ केबीपीएसचे दोन बी चॅनेल असतात आणि कॉल जोडण्या-तोडण्यासाठी १६ चा एक डी चॅनेल. मल्टिलिंक पीपीपीने (अनेक चॅनेल एकत्र वापरायची पद्धत) दोन्ही बी चॅनेल जोडले की १२८ मिळतात, कार्ड असो वा राउटर. १ एमबीची फाइल एका चॅनेलवर सव्वादोन मिनिटं घेते, दोन्हींवर मिनिटभराहून थोडी जास्त. फक्त एवढंच की दोन चॅनेल म्हणजे दोन कॉल, आणि मिनिटावर बिल असेल तर तेही दुप्पट.

कार्ड स्वस्त पडतं. विंडोज ९८ सेकंड एडिशनपासून कनेक्शन शेअर करायची सोयही विंडोजमध्येच आहे. दोघं-तिघं दिवसातून दोनदा मेल बघणार असतील तर एवढ्यावर भागतं. पण तो पीसी कोणाच्या तरी टेबलावर असतो. त्याने तो रीस्टार्ट केला की बाकी सगळे खोळंबले. चारच्या वर माणसं असतील तर मी राउटरच घ्यायला सांगेन. कोणी ब्राउझर उघडला की राउटर एक-दोन सेकंदांत कॉल लावतो, काम थांबलं की ठरलेल्या वेळाने तोडतो, आणि इंटरनेटवरचा एकच पत्ता सगळ्या पीसींना वाटून वापरू देतो (याला नॅट म्हणतात).

हे आपोआप कॉल लावणंच नीट सांभाळावं लागतं. एका संध्याकाळी ऑफिसला कुलूप लावताना मला राउटरवर बी१ चा, म्हणजे पहिल्या बी चॅनेलवर कॉल चालू असल्याचा, दिवा हिरवा दिसला. आत कोणीच नव्हतं. राउटरचा लॉग, म्हणजे कॉलची नोंद, उघडला तर चालू राहिलेला एक विंडोज पीसी पोर्ट १३७ वरून (विंडोज नेटवर्कवरच्या पीसींची नावं या क्रमांकावरून शोधतं) थोड्या थोड्या वेळाने नावांची विचारणा बाहेर पाठवत होता, आणि दर विचारणीला नवा कॉल लागत होता. महिनाभर रोज रात्री हेच चाललं होतं, बिल आल्यावर कळलं. १३७ ते १३९ पोर्ट बाहेर जाण्यापासून अडवले, तेव्हा दिवा विझला. म्हणून ज्यात असे पोर्ट अडवणारा फिल्टर आणि कॉलचा लॉग नाही असा राउटर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. कॉलच्या वेळेवर रोजची मर्यादा घालता येत असेल तर फारच उत्तम.

फोन आणि फॅक्स याच लाइनवर असतील तर साधा फोन लावायची खोबण असलेला राउटर बघा. चांगल्या राउटरमध्ये दोन्ही चॅनेल डेटात गुंतलेले असतानाही फोन आला तर एक चॅनेल त्याच्यासाठी मोकळा होतो. आणि पैसे देण्याआधी राउटरची मागची बाजू बघून घ्या: भिंतीवर एनटी१ ची डबी (बाहेरून आलेली लाइन जिथे संपते ती) आधीच असेल तर त्या डबीला जोडायच्या एस/टी खोबणीचा राउटर हवा, नसेल तर थेट लाइन लावायच्या यू खोबणीचा.