शाखांचे संगणक बेळगावातून सांभाळताना: क्विक असिस्ट की रस्टडेस्क?

पतसंस्थेचं मुख्य कार्यालय बेळगावात, शाखा निपाणी, चिकोडी, खानापूर, जांबोटी अशा विखुरलेल्या, आणि सगळ्या संगणकांचा भार एका-दोघांवर. अशा ठिकाणी रिमोट घ्यायला, म्हणजे शाखेतला संगणक इथूनच बघायला-चालवायला, काय वापरावं हे ठरवणाऱ्यांसाठी हा आढावा. आरडीपी, म्हणजे विंडोजमधली लांबून लॉगिन करायची सोय, बाजूलाच ठेवतो. विंडोज होमवर ते घेता येत नाही, प्रोवर घेतलं की समोरच्याचा पडदा लॉक होतो, आणि बिघाड तर त्याच्या डोळ्यांदेखत बघायचा असतो. त्याचं ३३८९ पोर्ट थेट इंटरनेटवर उघडणं तर नकोच.

क्विक असिस्ट या मायक्रोसॉफ्टच्या मदतीच्या साधनाची बाजू भक्कम आहे. विंडोजसोबत मिळतं, ४४३ पोर्टवरून चालतं, त्यामुळे शाखेतला राउटर कसाही असला तरी सहसा अडत नाही. मायक्रोसॉफ्टचं खातं फक्त मदत करणाऱ्याला लागतं. कोड सांगायचा, समोरच्याने तो दहा मिनिटांच्या आत टाकायचा, पडदा दाखवायला हो म्हणायचं, मग आपण कंट्रोल मागितला की पुन्हा हो म्हणायचं. एक्सेलचं सेटिंग किंवा ब्राउझरची तक्रार असेल तर याहून सोपं काही नाही.

घोडं अडतं ते यूएसीवर, म्हणजे यंत्रात बदल करण्याआधी विंडोज मागतं त्या परवानगीवर. समजा पासबुक प्रिंटरचा ड्रायव्हर बदलायचा आहे. सेटअपवर क्लिक केलं की विंडोज तो परवानगीचा चौकोन वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर दाखवतं. शाखेतल्या माणसाला तो दिसतो, आपल्याकडे पडदा काळा. फोनवरून आवाज येतो, "सर, पासवर्ड मागायलाय, काय घालू?" शाखेतल्या कर्मचाऱ्यांना अ‍ॅडमिनचे अधिकार दिलेले नसतात, आणि ते बरोबरच आहे. म्हणजे एक तर अ‍ॅडमिन पासवर्ड फोनवर एकेक अक्षर करून सांगायचा, नाही तर काम सोडायचं. एकदा सांगितलेला पासवर्ड टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर जाऊन बसतो. यूएसीचा स्लायडर एक पायरी खाली, डेस्कटॉप अंधारा न करण्याच्या पर्यायावर आणला तर चौकोन आपल्यालाही दिसतो. पण मग तो साध्या डेस्कटॉपवर येतो, जिथे चालू असलेला दुसरा प्रोग्रामही त्याच्याशी खेळू शकतो. एका यंत्रावर, एका कामापुरतं ठीक. सगळ्या शाखांत तसं ठेवावं असं मला वाटत नाही.

माझ्या लेखी निवड इथेच ठरते. रस्टडेस्क हे मुक्त-स्रोत रिमोट साधन. ते नीट इन्स्टॉल केलं की ते सर्व्हिस म्हणून सिस्टमच्या अधिकारात चालतं. यूएसीचा चौकोन दिसतो, लॉगिनचा पडदाही दिसतो, पासवर्ड आपणच टाकतो. नुसती डाउनलोड केलेली फाइल तशीच चालवून पाहिली, तर मात्र यूएसीवर इथेही अडकायला होतं. बरेच जण एवढंच पाहून त्याला नाकारतात, म्हणून मुद्दाम सांगतोय.

किंमत वेगळ्या रूपात मोजावी लागते: सर्व्हर स्वतःचा उभा करायचा. त्याचे दोन भाग, एचबीबीएस (यंत्रांची गाठ घालून देणारा) आणि एचबीबीआर (थेट जोडणी झाली नाही तर मधून वाहतूक नेणारा). पोर्ट २१११५ ते २१११७ टीसीपी, आणि २१११६ यूडीपीसुद्धा. हे यूडीपी उघडायचं हमखास राहून जातं आणि मग सगळी यंत्रं ऑफलाइन दिसतात. ऑफिसच्या साध्या ब्रॉडबँडवर सर्व्हर ठेवणार असाल, तर आधी पब्लिक आयपी आहे का ते बघा. सीजीनॅटमागे (एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला असतो तेव्हा) पोर्ट फॉरवर्डिंगचा उपयोग नाही, छोटा व्हीपीएस (भाड्याचा ऑनलाइन सर्व्हर) घ्यावा लागेल. पहिल्यांदा सुरू करताना सर्व्हर चाव्यांची जोडी तयार करतो. त्या दोन्ही फाइलींचा बॅकअप त्याच दिवशी काढा. सर्व्हर नव्याने बसवताना त्या हाताशी नसल्या, तर प्रत्येक शाखेतल्या प्रत्येक यंत्रावर की बदलत बसावं लागतं.

प्रत्येक यंत्राचा आयडी कायम राहतो, हा फायदा वापरात आल्यावर जास्त कळतो. तो कॅबिनेटवर चिकटवायचा आणि हेल्पडेस्कच्या तिकिटात त्यासाठी एक रकाना सक्तीचा ठेवायचा. 'कॉम्प्युटर चालेना' एवढंच लिहिलेलं तिकीट आलं तरी कुठलं यंत्र ते कळतं. क्विक असिस्टचा कोड दर वेळी नवा, त्यामुळे तिकिटाला यंत्र जोडायला त्याचा उपयोग नाही. मात्र कोण कधी जोडलं गेलं याची सर्व्हरवरची नोंद आणि सामायिक अ‍ॅड्रेस बुक रस्टडेस्कच्या फुकट सर्व्हरमध्ये नाही, प्रोमध्ये आहे. तोवर वेळ तिकिटातच लिहा.

आपल्या भागात कीबोर्डचा एक गुंता हमखास होतो. एकाच यंत्रावर इंग्रजी, मराठी आणि कन्नड असे तीन लेआउट असतात. रस्टडेस्कच्या मॅप मोडमध्ये आपण दाबलेली कळ जाते, अक्षर नाही. पलीकडे कन्नड चालू असेल तर तिथे कन्नडच उमटतं. पासवर्डच्या ठिपक्यांत ते दिसत नाही आणि 'पासवर्ड चुकला' असा निरोप येतो. आधी टास्कबारवर इंग्रजी आहे का ते बघायचं, नसेल तर पलीकडच्या माणसाला विंडोज आणि स्पेस दाबायला सांगायचं, किंवा ट्रान्सलेट मोड घ्यायचा, त्यात अक्षरच पाठवलं जातं. लाइन मंद असेल तर चित्राचा दर्जा कमी करून प्रतिसादाला प्राधान्य द्या आणि वॉलपेपर काढा. जांबोटीकडे पावसाळ्यात एवढ्यानेही काम निभावतं.

सुरक्षेत दोन्हीकडे जपावं लागतं. क्विक असिस्टच्या आडून फोनवर फसवून रॅन्समवेअर घुसवल्याचं मायक्रोसॉफ्टने स्वतः मे २०२४ मध्ये जाहीर केलं. रस्टडेस्कमध्ये धोका कायमच्या पासवर्डचा. काउंटरच्या यंत्रांवर तो न ठेवता समोरच्याने 'स्वीकारा' दाबल्यावरच जोडणी होऊ द्यावी, आणि रिकाम्या खोलीतल्या यंत्रांवर ठरावीक आयपीवरूनच जोडता येईल अशी यादी बांधून द्यावी.

तुमच्याकडे डोमेन असेल (सगळी यंत्रं एका सर्व्हरवरून सांभाळली जात असतील) आणि लॅप्स ही विंडोजची पासवर्ड सांभाळायची सोय लावून अ‍ॅडमिन पासवर्ड वापरानंतर आपोआप बदलत असेल, तर काळ्या पडद्याचा त्रास बराच बोथट होतो. मग क्विक असिस्टवर भागू शकेल. सुट्या वर्कग्रुप यंत्रांच्या शाखा असतील तर मी रस्टडेस्कच म्हणेन. फक्त यंत्र बेळगावातून शाखेत जाण्याआधी त्यावर रस्टडेस्क टाकून, आयडी तिकीट प्रणालीत चढवून मगच पाठवा, कारण नंतर क्विक असिस्टवरून टाकायला गेलात तर पुन्हा तोच यूएसीचा चौकोन आडवा येतो. संचालकांच्या घरचा लॅपटॉप किंवा बाहेरच्या व्हेंडरचं यंत्र यांसाठी मात्र क्विक असिस्ट ठेवाच.