पाय लांब करायच्या ऑपरेशनआधी दहा आठवडे फिजिओ केली, क्लिनिकबद्दल थोडं

सहा वर्षांचा असताना गुडघ्याखालचं हाड मोडलं, वाढीची पट्टी (हाड जिथून वाढतं तो भाग) दुखावली आणि डावा पाय 4 सेंटीमीटर आखूड राहिला. इतकी वर्षं बुटाला जाड सोल लावून काढली, शेवटी इलिझारोव्हची रिंग (हाड कापून पायाभोवती बाहेरून लावायची धातूची चौकट, तिचे नट फिरवत हाड हळूहळू लांब करतात) लावायचं ठरलं तेव्हा सर्जन म्हणाले आधी पाय तयार करून ये. म्हणून कोथरूडमधल्या एका क्लिनिकमध्ये 30 सिटिंगचं पॅकेज घेतलं.

मला वाटलेलं जिमसारखं वजन उचलायला लावतील. पण फिजिओ मॅडमनी पहिल्याच दिवशी घोटा किती वर येतो ते मोजलं आणि सांगितलं, नट फिरवून हाड रोज 1 मिलिमीटर वाढेल, पाव पाव करून चार वेळा, पण पोटरी एवढ्या सहज ऐकत नाही, ती आखडते आणि टाच वर उचलली जाते. त्यामुळे निम्मा वेळ पोटरी ताणण्यात, पंजाला टॉवेल अडकवून ओढा, भिंतीला हात लावून ताणा. मांडीसाठी गुडघा सरळ ठेवून पाय वीतभर उचलायचा आणि दहा मोजायचे, दिसायला फालतू पण तिसऱ्या सेटला पाय थरथरतो राव. दंडाचे व्यायाम कशाला ते कुबड्या हातात आल्यावर कळलं. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कुबड्या आणि दुखरा पाय, हे ऑपरेशनच्या आधीच घोटून घेतलं, सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

दुखणं काही कमी झालं नाही हां, तशी आशा ठेवू नका. रिंग असताना मांडी बारीक झालीच. पण 40 दिवस नट फिरवून टाच जमिनीला टेकत राहिली आणि गुडघा पूर्ण सरळ होत राहिला, बाकीचे महिने हाड पक्कं होईपर्यंत वाट बघण्यात गेले.

आता तक्रार. दर वेळी वीस मिनिटं करंटच्या मशीनवर झोपवतात, त्याने ताकद वाढत नाही, ती वीस मिनिटं व्यायामाला द्या ना. शनिवारी मॅडम नसतात, शिकाऊ मुलं असतात आणि ती मोबाईलमध्ये. पैसे सगळे आधी. आणि क्लिनिक पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही! पायाच्या पेशंटचं क्लिनिक! रिंग लावल्यावर मी तिथे जाऊच शकलो नाही, घरी बोलवलं तर त्याचे वेगळे पैसे लावले.

मॅडमना पाच स्टार, क्लिनिकला तीन.